प्रवाळांचा मेळ आणि वऱ्हाडचे पाणी

वऱ्हाडातल्या घरांना प्रवाळ नवे नाही. मंगळासाठी अनामिकेत घातलेले पोवळे आणि वैद्याच्या पुडीतले प्रवाळ भस्म ही त्याची दोन जुनी रूपे. तिसरे रूप गेल्या काही वर्षांत मोबाइलच्या पडद्यावरून आले: निळ्या प्रकाशात डोलणाऱ्या जिवंत प्रवाळांची, समुद्राच्या पाण्याने भरलेली काचपेटी. गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली, गोल्डफिश सांभाळून हात बसलेल्या अमरावती-अकोल्याच्या शौकिनाला पुढची पायरी म्हणून हीच पेटी खुणावते, आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणते प्रवाळ कोणाशेजारी ठेवले तर चालते? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्याइतका पुरावा गेल्या पन्नास वर्षांत जमा झाला आहे. तो पुरावा इथे मांडायचा आहे. पण तो नीट वाचला, तर प्रश्नाचा क्रमच बदलावा लागतो. प्रवाळाचा मेळ आधी कायद्याशी, मग पाण्याशी आणि हवेशी जमावा लागतो. शेजारच्या प्रवाळाशी मेळ ही शेवटची गोष्ट आहे. वऱ्हाडात पहिल्या दोन ठिकाणी तो जमत नाही, म्हणून दगडी प्रवाळ इथल्या घरात आणू नये, हे या लेखाचे म्हणणे आहे.

प्रवाळ दिसायला झाड, हाताला दगड आणि प्रत्यक्षात प्राणी आहे. एकेक पॉलिप म्हणजे तोंडाभोवती शुंडकांचे कडे असलेली छोटी पिशवी. या शुंडकांत दंशपेशी असतात. दगडी प्रवाळाचे पॉलिप पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन खाली चुन्याचा सांगाडा रचतात; मऊ प्रवाळांना असा सलग सांगाडा नसतो. खडक बांधणाऱ्या बहुतेक जातींच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणजे प्रवाळाला शिकाऱ्यासारखे खाद्य लागते, झाडासारखा प्रकाश लागतो आणि गवंड्यासारखा चुनाही लागतो. या तिन्ही गरजा बंद पेटीत भागवणे फार काळ अशक्य मानले जात होते. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये ‘जिवंत खडक’ म्हणजे जीव वसलेले समुद्रातले दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे मोनॅकोत जाँ जोबेर आणि अमेरिकेत वॉल्टर एडी यांच्या प्रयोगांनी या विद्येला शास्त्रीय पाया मिळाला. समुद्रकिनाऱ्यावरच्या उष्ण शहरात, समुद्राचे पाणी हाताशी असताना ली यांना जे जमले, ते किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत यंत्रांच्या जोरावर करावे लागते, हा फरक सुरुवातीलाच ध्यानात ठेवलेला बरा.

आता शेजाराचा प्रश्न. प्रवाळ जागचे हलत नाहीत, त्यामुळे ते शांत असतात असा समज होतो. ज्याला पळता येत नाही त्याची जागेसाठीची लढाई उलट अधिक निकराची असते. ज्युडिथ लँग यांनी 1971 आणि 1973 मध्ये जमैकाच्या प्रवाळांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हे प्रथम स्पष्ट केले. दोन वेगळ्या जाती एकमेकींना टेकल्या की बलवान जात आपल्या पोटातले पचनतंतू बाहेर काढते आणि शेजारणीचे जिवंत मांस तिच्याच सांगाड्यावर पचवून टाकते. हे काही तासांत घडते. लँग यांना स्कोलिमिया नावाच्या प्रवाळात तर एक मौजेचा पुरावा मिळाला. ज्यांना एकच जात समजले जाई, त्यांतले काही एकमेकांवर हल्ला करत होते आणि काही करत नव्हते. त्या भांडणावरूनच दोन जाती निराळ्या असल्याचे ठरले. आपला कोण आणि परका कोण, हे प्रवाळाला शास्त्रज्ञाच्या भिंगापेक्षा लवकर कळते.

पण बलवान आणि दुर्बळ यांची एक कायमची उतरंड असते, असेही नाही. जेरार्ड वेलिंग्टन यांनी 1980 मध्ये पूर्व पॅसिफिकमधल्या पॅव्होना आणि पोसिलोपोरा या प्रवाळांबद्दल जे दाखवले, ते प्रत्येक शौकिनाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. सुरुवातीला पॅव्होना पचनतंतूंनी पोसिलोपोराला इजा करते. पुढच्या काही आठवड्यांत त्याच जखमी कडेवर पोसिलोपोराला नेहमीपेक्षा कितीतरी लांब, दंशपेशींनी भरलेली शुंडके फुटतात. मग डाव उलटतो आणि पॅव्होना मागे हटते. शौकीन या शुंडकांना ‘स्वीपर’ म्हणतात. गॅलेक्सिया किंवा टॉर्च या प्रवाळांत ती वीतभर, कधी त्याहूनही लांब होतात आणि प्रवाहाच्या दिशेने पसरतात. दिवसा पेटीसमोर उभे राहिले तर टॉर्चच्या जाड, सोनेरी टोकांचा झुबकाच दिसतो. दिवे मालवल्यावर तासाभराने लाल बॅटरीच्या प्रकाशात पाहावे. त्याच झुबक्यातून दोन-चार पारदर्शक, धाग्यासारखी शुंडके सुटून पंप जिकडे पाणी ढकलतो तिकडे लोंबकळताना दिसतात आणि त्यांची पांढुरकी टोके शेजारच्या प्रवाळाला अधूनमधून शिवत असतात. सकाळी त्या शेजाऱ्याच्या कडेला नखाएवढा पांढरा डाग असतो. दिवसाच्या अंतरावर विसंबून केलेली मांडणी म्हणूनच फसते, आणि आठवडाभर काही झाले नाही एवढ्यावरून दोघांचे जमले असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरते.

मऊ प्रवाळांची लढाई न शिवता चालते. सिन्युलारिया, सार्कोफायटन यांसारखे चामड्यासारखे प्रवाळ पाण्यात टर्पिन वर्गातली रसायने सोडतात. सॅमार्को, कोल आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर केलेल्या प्रयोगांत मऊ प्रवाळांच्या सान्निध्याने दगडी प्रवाळांची वाढ खुंटते, काही वेळा ते मरतात, हे दिसले. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हा प्रकार परका वाटू नये. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारे सॉर्गोलिओन हे द्रव्य आसपासच्या कोवळ्या रोपांची वाढ अडवते. फरक इतकाच की शेतात हे द्रव्य मातीत मुरते आणि समुद्रात टर्पिन अथांग पाण्यात विरते. दीडशे लिटरच्या पेटीत मात्र तेच पाणी दिवसभर फिरत राहते. अशा पेटीत दोन वीत अंतर ठेवूनही उपयोग होत नाही. सक्रिय कोळशाची गाळणी आणि ठरावीक काळाने पाणी बदलणे एवढेच उपाय उरतात, आणि तेही आंशिक. म्हणून मऊ प्रवाळ आणि अ‍ॅक्रोपोरासारखे नाजूक दगडी प्रवाळ एकत्र न ठेवणे हा मेळाचा पहिला नियम आहे.

दुसरा नियम प्रकाशाचा आणि प्रवाहाचा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटी डोळ्यांसमोर आणा. दिव्याखालची वरची तिसरी पातळी सर्वांत प्रखर; तिथे अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा यांना जागा मिळते आणि त्यांना सतत दिशा बदलणारा जोरदार प्रवाहही लागतो. मधल्या पातळीवर हॅमर, फ्रॉगस्पॉन यांसारखे मांसल, मोठ्या पॉलिपचे प्रवाळ. त्यांना पाण्याने डोलवले पाहिजे, झोडपता कामा नये. तळाच्या सावलीत मशरूम आणि चामड्यासारखे मऊ प्रकार. कागदावर ही मांडणी तीन मजली घरासारखी सुबक दिसते. पण मॉन्टिपोरा ताटासारखे आडवे वाढते आणि खालच्यांचे ऊन अडवते, जोराचा प्रवाह वरच्याला मानवतो तो खालच्याचे मांस सांगाड्यावरून सोलतो, आणि खालच्या मऊ प्रवाळाचे रसायन वरच्यापर्यंत पोचतेच. तिन्ही मजल्यांचे पाणी एक आहे, ही गोष्ट मांडणीची चित्रे विसरायला लावतात. जाणते शौकीन म्हणूनच एका पेटीत एकच गट ठेवतात आणि मध्ये रिकामी जागा सोडतात. सहा ओळी कपाशीनंतर तुरीची ओळ पेरताना शेतकरी आजची रोपे पाहून अंतर ठरवत नाही. दिवाळीनंतर तूर डोक्याइतकी होईल आणि तिची सावली कुठे पडेल हे धरून ठरवतो. प्रवाळाचेही अंतर दोन वर्षांनंतरच्या आकारावरून ठरवायचे असते.

पसरणाऱ्यांचा आणि माशांचा विषय थोडक्यात आटोपता येतो. झेनिया, हिरवे स्टार पॉलिप, मशरूम हे खडक धरून सरकत जातात. त्यांना वाळूतल्या एकट्या दगडावर, बेटासारखे ठेवावे लागते. क्लाउनफिश प्रवाळांना सहसा त्रास देत नाही. बटरफ्लायफिश आणि कित्येक एंजलफिश पॉलिप टोकतात. एक धोका मात्र माणसाचाच आहे. पॅलिथोआ या बटणासारख्या जिवांत पॅलिटॉक्सिन असू शकते. हवाईतल्या पॅलिथोआतून 1971 मध्ये वेगळे काढलेले हे द्रव्य ज्ञात विषांपैकी अतिजहाल आहे. असे जीव चिकटलेला दगड उकळत्या पाण्याने धुतल्यामुळे अख्खे कुटुंब रुग्णालयात पोचल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. त्या दगडावर गरम पाणी कधीच ओतू नये आणि हातमोजे व चष्म्याशिवाय तो घासू नये.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो: कोण कोणाशी जमते याचे तक्ते तयार आहेत, ते पाळले की झाले. तक्ते निरुपयोगी नाहीत. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन शेजारी नांदतात पण टॉर्च दोघांनाही भाजतो, हा शौकिनांचा अनुभव जुना आहे. 2017 मधल्या जनुकीय अभ्यासाने पहिल्या दोघांना फिंब्रियाफिलिया या वेगळ्या प्रजातीत टाकले आणि टॉर्चला युफिलियातच ठेवले. म्हणजे घरातल्या निरीक्षणाला शास्त्राचा दुजोराच मिळाला. पण तक्ता गृहीत धरतो की दोन्ही प्रवाळ निरोगी आहेत, पाणी स्थिर आहे आणि उन्हाळा सौम्य आहे. प्रवाळ अशक्त झाला की कालचा बलवान आजचा बळी होतो. मेळ जातीच्या नावात नसतो, पाण्याच्या स्थैर्यात असतो, आणि इथून वऱ्हाडचा प्रश्न सुरू होतो.

प्रवाळाला लागणाऱ्या पाण्याचे आकडे काटेकोर आहेत. तापमान 24 ते 27 अंश, लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार, कॅल्शियम 400 ते 450 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 1,300 च्या आसपास, पीएच 8.1 ते 8.4. आपल्याकडे खारे पाणी आहेच, मग विकतचे मीठ कशाला, असे एखाद्याला वाटू शकते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली शेकडो गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. तिथल्या विहिरींचे पाणी पिता येत नाही, जमिनीलाही ते मानवत नाही. पण ते समुद्राहून कितीतरी कमी खारे आहे आणि त्यातल्या क्षारांचे प्रमाणही समुद्राचे नाही. लोणारचे सरोवर खारट आहे तसेच तीव्र अल्कधर्मीही आहे. जून 2020 मध्ये ते गुलाबी झाले ते तसल्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. प्रवाळ तिथे तग धरणार नाही. इथले जे पाणी माणसाला खारे लागते ते प्रवाळाला चुकीचे असते, आणि जे गोडे लागते तेही आरओतून शुद्ध केल्याशिवाय चालत नाही.

मग येतो उन्हाळा. मे 2020 मध्ये अकोल्याचा पारा 47 अंशांच्या पुढे गेला होता. मे 2024 मध्ये तर उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात कलम 144 लागू करून कामाच्या आणि शिकवणी वर्गांच्या वेळांवर बंधने आणावी लागली. अशा दिवसांत पेटी 27 अंशांवर ठेवायची कशी? वऱ्हाडचा घरगुती उपाय म्हणजे कूलर, आणि त्याचेच तत्त्व पेटीलाही लागू पडते: पृष्ठभागावर पंखा लावला की पाणी उडते आणि उरलेले थंड होते. एक लिटर पाणी वाफ होताना जी उष्णता घेऊन जाते ती दीडशे लिटर पाणी साधारण चार अंशांनी थंड करायला पुरेल. कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो. मात्र त्याच खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि पेटीवरचा पंखा निकामी होतो. घरच्यांचा गारवा आणि प्रवाळाचा गारवा इथे एकमेकांच्या विरोधात उभे राहतात.

उडालेल्या पाण्याचा हिशेबही मांडून पाहावा. तीन फूट बाय दीड फूट पृष्ठभागावरून दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडाले, तर ते चार लिटर होते. क्षार मागेच राहतात. चार लिटर भरायचे राहिले तर एका दिवसात लिटरमागे 35 ग्रॅमचे 36 होतात, तीन दिवस राहिले तर 38. म्हणून रोज गोडे पाणी घालावे लागते. ते बोअरचे घातले आणि त्यात लिटरमागे दीड ग्रॅम क्षार असले, तर महिन्याला 180 ग्रॅम नको ते क्षार पेटीत साठतात. आरओचे घातले, तर महिन्याच्या 120 लिटरमागे 240 ते 360 लिटर पाणी नाल्यात जाते. घरगुती आरओचे प्रमाण साधारण असेच असते. ज्या अकोल्यात काटेपूर्णा धरणाच्या साठ्याकडे डोळे लावून बसावे लागते आणि नळ रोज येत नाही, ज्या अकोट-तेल्हाऱ्याच्या खारपाण गावांना वान धरणातून 84 खेडी योजनेने पिण्याचे पाणी पुरवावे लागते, तिथे हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. वाया जाणारे पाणी कुंड्यांना, फरशीला वापरता येते हे खरे. पण वापरता येईल म्हणून आधी वाया घालवणे याला काटकसर म्हणता येत नाही.

पैसा असेल तर हे सगळे साधते, हा यावरचा दुसरा आक्षेप. चिलर घ्या, खोलीला एसी लावा, इन्व्हर्टर ठेवा. साधते, यात शंका नाही. पण ही सगळी साखळी विजेवर लटकलेली आहे, आणि वीज नेमकी कधी जाते? उन्हाच्या कहरात रोहित्र तापते तेव्हा आणि पहिल्या वळवाच्या वादळात तारा तुटतात तेव्हा. घरातला इन्व्हर्टर पंखे, दिवे आणि प्रवाहाचे छोटे पंप तासन्‌तास चालवू शकतो. चिलर किंवा एसी फार वेळ नाही. प्रवाळाला 40 अंशांची गरज नसते मरायला. समुद्रातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एक अंशाने वाढलेली उष्णता काही आठवडे टिकली तरी त्याच्या पेशींतले शैवाल बाहेर फेकले जाते आणि तो पांढरा पडतो. वाढ जास्त असेल तर आठवडेही लागत नाहीत. कोकणात किंवा मुंबईत हवा आणि पाणी प्रवाळाच्या मर्यादेच्या जवळपास असतात. वऱ्हाडात ती मर्यादा आणि भोवतालची हवा यांत मे महिन्यात 15 ते 20 अंशांची दरी असते. ती दरी यंत्राने रोज भरून काढायची आणि एका दुपारी यंत्र थांबले की सगळे गमवायचे, हा सौदा प्राण्याच्या जिवावर चालतो.

आता कायदा, जो खरे तर सर्वांत आधी पाहायचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये प्रवाळांचा समावेश झाला: सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि ऑर्गन पाइप प्रवाळ. ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. 2022 च्या दुरुस्तीनंतरही हे संरक्षण कायम आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षे कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर सायटिस करारानेही दगडी प्रवाळांचा व्यापार परवान्याखाली आणला आहे, आणि जिवंत खडकालाही त्याच नियमांत धरले जाते. मेळघाटच्या सावलीत राहणाऱ्या अमरावतीकराला वाघाचे कातडे घरात ठेवण्याचा विचारही शिवणार नाही. दोन इंचांचा प्रवाळाचा तुकडा कायद्याच्या नजरेत त्याच पंगतीला बसतो, हे दुकानातल्या निळ्या प्रकाशात विसरले जाते.

तरी आणखी तीन आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला: आजचे तुकडे समुद्रातून तोडलेले नसतात, प्रवाळरोपवाटिकेत वाढवलेले असतात. जगात अशा रोपवाटिका आहेत आणि त्यांनी समुद्रावरचा ताण काही प्रमाणात हलका केला, हे मान्य. पण तुकड्याकडे पाहून तो रोपवाटिकेतला की खडकावरून फोडलेला हे ओळखता येत नाही. ते कागदच सांगू शकतात, आणि गल्लीतल्या दुकानापर्यंत ते कागद पोचत नाहीत. कागदाशिवायची खरेदी मन्नारच्या आखातात किंवा कच्छच्या किनाऱ्यावर चाललेल्या छिन्नीला बळ देऊ शकते. दुसरा आक्षेप: मऊ प्रवाळ, मशरूम या यादीत नाहीत, मग ते ठेवायला काय हरकत? कायद्याच्या यादीत त्यांची नावे नाहीत, हे बरोबर. कणखरपणात आणि कमी प्रकाशावर जगण्यातही ते उजवे आहेत. ज्याला समुद्री पेटीच करायची आहे त्याच्यासाठी एकाच गटाचे, खरेदीची पावती आणि आयातीचे मूळ दाखवता येईल असे मशरूम हीच एक सयुक्तिक वाट दिसते. पण उष्णतेचा आणि पाण्याचा हिशेब त्यांनाही चुकत नाही, आणि ते येतात ते बहुधा खडकाला चिकटून. तिसरा आक्षेप मनाला भिडणारा आहे: समुद्रापासून इतक्या लांबच्या मुलांना प्रवाळ दिसणार तरी कधी? जे पाहिले नाही त्यावर माया कशी बसेल?

माया बसवायची तर प्रवाळ जिथे आहे तिथले खरे चित्र मुलांपुढे ठेवावे. महाराष्ट्राला स्वतःचे प्रवाळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, 1987 मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या गढूळ पाण्यात पोराइट्स, टर्बिनारियासारखे सोशिक प्रवाळ आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळमंच आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वाटेत वरळी आणि हाजी अली इथे प्रवाळांच्या वसाहती आल्या, तेव्हा त्यांतल्या 18 वसाहती 2020 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली, वन विभागाची परवानगी घेऊन किनाऱ्यावरच दुसरीकडे हलवल्या गेल्या. अठरा वसाहतींसाठी एवढी यंत्रणा लागली, यावरून प्रवाळ हलवणे ही काय जबाबदारीची गोष्ट आहे ते समजते. आणि ज्या मे 2024 मध्ये अकोल्यात उष्णतेमुळे जमावबंदीचे कलम वापरावे लागले, त्याच महिन्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचे जाहीर केले. एप्रिलमध्येच जगातल्या चौथ्या व्यापक प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली होती. अकोल्याची होरपळ आणि लक्षद्वीपची होरपळ एकाच तापत्या हवामानाची आहे. वऱ्हाडच्या मुलाला प्रवाळाशी नाते जोडून द्यायला याहून जवळचा धागा कोणता?

आणि हात शिवशिवत असतील, मांडणीचे सुख घ्यायचेच असेल, तर प्रवाळाकडून शिकलेले सगळे गोड्या पाण्याच्या पेटीत वापरता येते. भारतीय नद्यांतले टिक्टो बार्ब, झेब्रा दानियो यांसारखे लहान मासे आणि व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला यांसारख्या पाणवनस्पती आपले ऊन आणि आपले जड पाणी बऱ्याच प्रमाणात सोसतात. इथेही मेळाचे तेच नियम आहेत: एकाच पाण्यात नांदणारे निवडा, वाढ झाल्यावर कोण कोणाचे ऊन अडवेल ते आधी पाहा, पेटी भरून टाकू नका, आठवड्याच्या शांततेवर विसंबू नका. खोलवर हिरवी लव्हाळी मागे, मोकळी वाळू पुढे आणि मध्ये बेसॉल्टचा एखादा काळा दगड, ही मांडणी वऱ्हाडच्या ओढ्याची आठवण देते. एक पथ्य मात्र इथेही पाळायचे: कंटाळा आला म्हणून परदेशी मासे अमरावतीच्या वडाळी तलावात किंवा नदीत सोडायचे नाहीत. दक्षिण अमेरिकेतून आलेला सकरमाउथ मासा देशाच्या अनेक नद्यांत असाच पसरून बसला आहे.

सगळा पुरावा एकत्र ठेवला, तर निष्कर्ष सरळ आहे. प्रवाळ एकमेकांशी जमतात ते अंतर राखून, एकाच गटात आणि स्थिर पाण्यात. हे स्थैर्य वऱ्हाडच्या उन्हात, वऱ्हाडच्या पाण्यावर, भरवशाच्या विजेशिवाय टिकवणे म्हणजे भोवतालच्या टंचाईतून एका शोभेसाठी पाणी आणि वीज ओढणे आहे. आणि दगडी प्रवाळाच्या बाबतीत ते कायद्यालाही मान्य नाही. विद्यापीठ, मत्स्यविज्ञान महाविद्यालय किंवा सार्वजनिक मत्स्यालय यांनी परवाना, चिलर आणि जनरेटरसह हे काम करावे. एका चांगल्या सार्वजनिक पेटीतून हजारो मुले प्रवाळ पाहतील. घरच्या शौकिनाला एवढीच विनंती आहे: दुकानात दगडी प्रवाळ दिसले तर कागद मागा, कागद नसले तर घेऊ नका. आणि ज्या दिवशी मालवणला जाल, त्या दिवशी ओहोटीला खडकांवर पाय ठेवताना खाली पाहा. तिथे ते आधीपासून आपले अंतर राखून उभे आहेत.